डांबरी संपायची तिथे

पावसाळ्यात मोटारी जळत नाहीत, त्यामुळे आमच्या घरात पावसाळा हा रिकामा हंगाम असायचा. माझे यजमान, म्हणजे भोकरदनच्या लोकांचे दत्ताभाऊ, शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करून द्यायचे. रब्बीत आणि उन्हाळ्यात त्यांना धड जेवायला फुरसत नसे. पण एकदा का विहिरी भरल्या आणि पंपांची बटणं बंद झाली, की दुकानात माश्या मारत बसायची वेळ. आणि बसणं तर ह्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. हाताला काम नसलं की हे घरातल्या चांगल्या चाललेल्या वस्तू खोलायचे. एका पावसाळ्यात मिक्सर, एका पावसाळ्यात पंखा, एकदा तर माझं शिवणयंत्र. मी शाळेतून येईपर्यंत त्याचे सगळे स्क्रू ताटात मांडलेले. मी ओरडायचे, आणि हे म्हणायचे, आधीपेक्षा चांगलं चालेल बघ. कधी कधी चालायचंही.

अशाच एका पावसाळ्यात ह्यांनी जीप खोलली. आता भादवा लागला की मला बाकी काही आठवत नाही, तेवढं एकच आठवतं.

यंदाही भादवा लागलाय. सकाळी अंग भाजणारं ऊन, आणि दुपार कलली की अजिंठ्याच्या डोंगराकडून काळं भरून येतं. अंगणात जीप उभी आहे. पेरूच्या झाडाखाली असल्यामुळे तिच्या ताडपत्रीवर पानं आणि पाखरांनी टाकलेले पेरूचे तुकडे पडलेले असतात. ह्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. जीप तशीच आहे, ह्यांनी केली तशी. नको तेवढी उंच, पुढची मडगार्डं कापलेली, काचेच्या बाजूने छपरापर्यंत गेलेला हवेचा पाइप, आणि चार चाकांना ते टायर, अरुंद, उंच, बोट आत जाईल इतक्या खोल नक्षीचे. मी आठवड्यातून एकदा ती गावातून फिरवून आणते. बॅटरी उतरू नये म्हणून, असं मी शेजाऱ्यांना सांगते.

परवा शफीभाई घरी आले. जालना रोडवर त्यांचं गॅरेज आहे, आणि ही जीप त्यांनी आणि ह्यांनी मिळून तिथेच उभी केली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग कप खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, पासिंगची तारीख जवळ आली. गाडी ओरिजनल करावी लागंल. हे टायर, ही उंची, कापलेले मडगार्ड, आरटीओत कायबी चालणार न्हाई."

हे मला माहीत होतं. कागदावर गाडी जशी आहे तशीच ती रस्त्यावर दिसायला हवी, असा नियमच आहे. मागच्या पासिंगला ह्यांनी सगळं उतरवून नेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत चढवलं होतं. शफीभाईंनी तोच मार्ग सुचवला. पासिंग होऊ द्या, मग सगळं होतं तसं करून देतो, सगळेच करतात. मग ते म्हणाले, की तुम्हाला परत चढवायचं नसेल तर तेही सांगा. भाऊच नाहीत, मग हे आता कोणासाठी, असं त्यांच्या मनात होतं ते मला कळलं. माझ्याही मनात तेच होतं, पण मी विचार करून सांगते म्हणाले.

मुलगी पुण्याहून रोज फोन करते. तिचं म्हणणं साधं आहे. आई, विकून टाक, तुला एक छोटी गाडी घेऊ, गिअर टाकायची कटकट नको. ती चुकीचं बोलत नाही. पण ती तेव्हा होस्टेलवर होती. तिने तो पावसाळा पाहिलेला नाही.

त्या वर्षी माझी बदली धावड्याच्या पलीकडच्या एका वस्तीशाळेवर झाली. भोकरदनहून पिंपळगाव रेणुकाईवरून धावड्यापर्यंत डांबरी. धावड्याच्या पुढेही थोडी डांबरी जायची आणि एका बाभळीपाशी एकदम संपायची, जणू डांबर ओतणाऱ्याला कोणी जेवायला हाक मारली आणि तो परत आलाच नाही. तिथून शाळेपर्यंत काळ्या रानातून गाडीवाट, मधे एक नाला. उन्हाळ्यात मी स्कुटीवर मजेत गेले होते. शाळा छान होती, दोन खोल्या, मागे डोंगर, पोरं धीट.

पावसाळा सुरू झाला आणि माझी मजा संपली. आमच्याकडच्या काळ्या मातीशी ज्याचा संबंध आला नाही, त्याला चिखल काय असतो ते सांगून कळायचं नाही. ती पायातली चप्पल मागून घेते आणि परत देत नाही. चालताना पावलागणिक पाय जड होत जातो. चाकाला ती चिकटते, चाकावरून मडगार्डात जाऊन गच्च बसते, आणि मग चाक फिरायचंच थांबतं. म्हणून आमच्याकडे पाऊस लागला की माणसं मोटारसायकलचं पुढचं मडगार्ड काढून घरात ठेवून देतात आणि डिकीत खुरपं टाकतात. थोडं गेलं की उतरायचं, खुरप्याने चाक मोकळं करायचं, पुन्हा थोडं जायचं. स्कुटीचं मडगार्ड मला काढता येईना, आणि ती ढकलून ढकलून शाळेत पोचेपर्यंत मी अशी दिसायचे की पोरं आधी पाणी घेऊन यायची आणि मग नमस्ते म्हणायची.

भोकरदनहून रोज येणं होईना. शेवटी मी धावड्यात एक खोली घेतली, खतांच्या दुकानावरची. तिथून शाळेला पायी जायचे, हातात चपला घेऊन. मुलगी संभाजीनगरला, हे भोकरदनला, मी धावड्यात. तीन माणसांची तीन गावं झाली. खोलीत पोत्यांचा वास यायचा, तो उशीलाही लागला होता. संध्याकाळी खाली दुकानाचं शटर पडलं की त्या इमारतीत मी एकटीच. समोरच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, कोणीतरी कोणाला तरी मीठ मागायचं, कोणीतरी हसायचं. मला एकटीसाठी परातीत पीठ घ्यायचा कंटाळा यायचा. मी भात टाकायचे आणि तो दोन वेळा खायचे. मला तिथे फार एकटं वाटायचं, आणि मी ते फोनवर कधी बोलले नाही. पण एकदा ह्यांनी विचारलं, आज भाजी काय केली, आणि मला काही केल्या उत्तर सुचेना. तिकडून हे मग म्हणाले, "थांब थोडी. मी गाडी करून राह्यलो. तुला रोज घरी आणतो."

तळ्याच्या कामावर झिजलेली एका ठेकेदाराची जुनी जीप ह्यांनी आणली. चारही चाकांना जोर देणारी होती, पण तो जोर तिला स्वतःलाच आठवत नसावा अशी तिची दशा. ह्यांना ती अशी हवी होती, की रानात बैलासारखी जावी आणि डांबरीवर माणसासारखी. भोकरदन ते बाभूळ डांबरी, बाभळीपासून शाळा चिखल, आणि दोन्हीकडे तीच गाडी. ही मागणी किती अवघड आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रानासाठी जे करावं ते रस्त्यावर नडतं, आणि रस्त्यासाठी जे ठेवावं ते रानात. उंच करावी तर वळणावर झुकते. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, कडक करावेत तर डांबरीवरचा प्रत्येक खड्डा कमरेत येतो, मऊ ठेवावेत तर रानात पोट टेकतं.

गंमत अशी झाली, की मला लवकर घरी आणायचं म्हणून गाडी, आणि गाडीमुळे ह्यांची भेटच होईना. आधी हे बुधवारी एक चक्कर मारायचे, तीही बंद झाली. मी शनिवारी भोकरदनला यायचे तर घराला कुलूप, आणि गॅरेजमध्ये जीपखालून बाहेर आलेले दोन पाय. महिनाभर मी नवऱ्याचे पायच पाहिले. त्या पायांशी मी बोलायचे, आणि जीपखालून उत्तर यायचं, ते पाट्यांबद्दल. फोनवरही तेच. मी विचारायचे, जेवलात का. हे म्हणायचे, हो, आज पाटे बसले, एक पान वाढवलं. मी सांगायचे, आज शाळेत साप निघाला. हे म्हणायचे, अस्सं, आणि हवेचा पाइप वर घेतला, आता नाल्यात पाणी असलं तरी इंजिन बंद पडणार नाही. मला राग यायचा. खोलीतल्या एकटेपणापेक्षा हे एकटेपण मला जास्त लागायचं, कारण ह्यात समोर माणूस होता.

गाडी तयार झाली त्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले, आणि मला तिच्यात चढताच येईना. इतकी उंच झाली होती. साडी नेसलेल्या बाईला तिच्यात बसायचं आहे, हे पाटे वाढवताना दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. शफीभाईंनी प्लास्टिकचं स्टूल आणलं. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात धरून बघत उभी राहिली. मी स्टुलावरून चढले आणि ह्यांना म्हणाले, शाळेत उतरायला आता दुसरं स्टूल घेऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला लोखंडी पायरी आली. साखळीने वर उचलून अडकवता येईल अशी, म्हणजे रानात ती मातीत रुतणार नाही. एवढं मात्र ह्यांनी टोमण्यावरून ओळखून केलं.

पहिली फेरी मात्र फसली, आणि ती अशी फसली की वस्तीवर अजून हसतात. ह्यांनी मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या गाड्या बघितल्या होत्या, वाळूत पळणाऱ्या, दगडावर चढणाऱ्या, आणि सगळ्यांना हे असे रुंद टायर. तेच ह्यांनी बसवले. दिसायला रुबाबदार. बाभळीपासून गाडी रानात उतरली, थोडी गेली, मग तिची चारही चाकं मातीने भरून गोल गरगरीत झाली, आणि ती उतारावरून शांतपणे आडवी होत नाल्याच्या कडेला जाऊन बसली. शाळेची सगळी पोरं बघायला आली. नाल्याशेजारचं रान कडूबाचं. त्याने बैलजोडी आणून गाडी ओढून काढली. जाताना तो टायरवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, बैलगाडीचं चाक केवढालं असतंय, ते ध्यानात न्हाई आलं का तुमच्या?"

ह्यांचं बालपण बैलगाडीत गेलेलं. काळ्या मातीत रुंद चाक वर तरंगतं आणि घसरतं, अरुंद चाक माती कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जातं, हे ह्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. मोबाइलच्या नादात ह्यांना आपल्याच मातीचा विसर पडला होता. संध्याकाळभर हे स्वतःशीच हसत होते. मग शफीभाईंनी कुठून तरी जुन्या फौजी गाड्यांचे असतात तसे टायर मिळवले, अरुंद आणि उंच. मडगार्डं गॅस कटरने कापली, म्हणजे माती बसायला जागाच नको. आणि गाडी गेली. पहिल्या गिअरमध्ये, पोट न टेकवता, नाल्यातून थेट शाळेच्या दारापर्यंत. मी धावड्यातली खोली सोडली, परात घेऊन घरी आले.

एकच गोष्ट राहिली होती. ते टायर डांबरीवर आवाज करायचे. साधासुधा नाही. एका सुरात, खोल, छातीत जाणवेल असा घुमणारा आवाज, वेग वाढला की चढणारा. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. हे पहिल्या दिवशी ओशाळून म्हणाले, रानात पाहिजेत तर रोडवर एवढं सोसावं लागतं. पहिला आठवडा मी ओरडून बोलले. मग माझा वर्गातला आवाजही बसला, तेव्हा नाद सोडला. भोकरदन ते बाभूळ आम्ही दोघं गप्प बसायचो. पिंपळगावला मिरचीचा बाजार भरलेला असायचा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या मिरचीचे ढीग, पोती, हमालांची धावपळ. तिथे गाडी हळू व्हायची आणि आम्ही दोघं शिंकायचो. तेवढंच काय ते संभाषण.

पण बाभळीपाशी डांबरी संपायची आणि आवाज एकदम थांबायचा. ती शांतता अजून माझ्या कानात आहे. गाडी चिखलात उतरायची, हे छोटा गिअर टाकायचे, आणि इंजिनाची फक्त मंद घरघर उरायची. पाण्याचा आवाज, मक्याच्या पानांचा आवाज, कुठेतरी डोंगराकडे मोर. बाभूळ ते शाळा हे अंतर फार नाही, पण चिखलातून माणूस चालेल त्याच वेगाने गाडी जायची. आमचं सगळं बोलणं त्या तेवढ्या वाटेवर झालं. घरात भाजी, गॅस, दुकान, मुलीची फी. चिखलात मात्र काहीही निघायचं. ह्यांना लहानपणी अंधाराची भीती वाटायची आणि अजूनही थोडी वाटते, हे मला नाल्यात कळलं. ह्यांना सैन्यात जायचं होतं, उंची कमी पडली, हे कडूबाच्या बांधापाशी कळलं. मीही काय काय बोलले. त्या खोलीतला भात दोन वेळा खाण्याबद्दल बोलले. ह्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून माझ्या हातावर ठेवला, आणि गाडी घसरली म्हणून लगेच परत नेला. लग्नाला इतकी वर्षं झालेली, आणि आमची ओळख अशी त्या चिखलात नव्याने झाली.

शाळेतही तो आवाज यायचा. शाळा सुटायच्या सुमाराला मी फळा पुसत असताना, दूर डांबरीवरून टायरांचा घूं घूं ऐकू यायचा, आधी डासासारखा बारीक, मग वाढत वाढत. पोरं कान टवकारून बसायची. आणि मग तो आवाज बंद व्हायचा. बंद झाला की पोरं दप्तरं भरायला लागायची. कारण बंद झाला म्हणजे गाडीने डांबरी सोडली, म्हणजे आता भाऊ येणारच. चिखलातून येताना गाडीचा आवाज मुळी ऐकूच यायचा नाही. आवाज येत असेपर्यंत हे लांब असायचे, आणि शांत झालं की जवळ. मी कुलूप लावून ओट्यावर उभी राहायचे. नाल्याच्या वळणावरून ते उंच छप्पर डुलत यायचं.

तो एकच पावसाळा. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली भोकरदनच्याच शाळेत झाली, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एवढं सगळं करून गाडी खऱ्या कामाला आली ती एकच हंगाम. त्यानंतर ती बिचारी डांबरीवरच राहिली. बाजाराला जा, लग्नाला जा, जालन्याला दवाखान्यात जा, आणि सगळीकडे तो आवाज. गल्लीतले लोक म्हणायचे, दत्ताभाऊंचं हेलिकॉप्टर आलं. मी कितीदा म्हणाले, आता साधे टायर टाका, गाडी खाली घ्या, माझे गुडघे दुखतात. हे म्हणायचे, "अन् तुझी बदली पुन्हा तिकडं झाली तर?" शिक्षकांच्या बदल्यांचा काही भरवसा नसतो, हे खरंच होतं. मला मनातून बरं वाटायचं आणि मी वाद घालायचे नाही. दोन पावसाळ्यांमागे, कापूस फुटायच्या दिवसांत, एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता हे खाली बसले ते उठले नाहीत.

तेव्हापासून ती जीप मी चालवते. शिकवली ह्यांनीच होती, त्याच पावसाळ्यात, कडूबाच्या पडीक रानात. उशी घेऊन बसावं लागतं. गावातून फिरवून आणताना तो घूं घूं चालू असतो, आणि खरं सांगते, बॅटरीसाठी नाही, मी त्याच्यासाठीच फिरवते. घरात इतकी शांतता असते. कुकरची शिट्टी, फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, आणि मी. टीव्ही लावला तर शांतता जास्त कळते. गाडीत बसलं की निदान कोणीतरी न बोलता शेजारी बसल्यासारखं वाटतं.

शफीभाई येऊन गेल्यावर मी ठरवलं, की टायर उतरवायच्या आधी एकदा शाळेपर्यंत जाऊन यायचं. रविवारी सकाळी निघाले. पिंपळगावला मिरची आलेली होती. गाडी हळू केली, शिंक आली, आणि एकटीनेच शिंकले याचं मला इतकं वाईट वाटलं की मी तिथे थांबून पाणी प्यायले. धावडं आलं, खतांच्या दुकानावरच्या खोलीच्या खिडकीत कुणाच्या तरी लहान मुलांचे कपडे वाळत घातलेले. बरं वाटलं. मग पुढची डांबरी, आणि मी नकळत वाट बघायला लागले, आता बाभूळ येईल, आता थांबेल.

बाभूळ आली. आवाज थांबला नाही. तिथून पुढे आता सिमेंटचा रस्ता झालाय, थेट शाळेच्या दारापर्यंत, नाल्यावर पूलही. चांगला रस्ता आहे. मी शिक्षिका आहे, अशा रस्त्यासाठी आम्ही किती अर्ज केले होते. आता कुठल्या बाईला चपला हातात घेऊन जावं लागत नाही. हे सगळं मला कळत होतं, आणि तरी टायर घुमत राहिले, घुमत राहिले, कडूबाचा बांध गेला, नाला गेला, आणि एक शब्द बोलायच्या आत शाळा आली.

शाळेला सुट्टी होती. मी उतरले तर समोरून कडूबा घाईघाईने येताना दिसला. डोक्याला अर्धवट गुंडाळलेला रुमाल, हात मातीने भरलेले, मका सोडून तसाच आलेला. मला बघून तो थांबला. मग जवळ येऊन कापलेल्या मडगार्डावर हात ठेवला आणि म्हणाला, "आवाज आल्ता. वाटलं, भाऊच आले. हातातलं टाकून निघालो. निम्म्या वाटंत ध्यानात आलं, मॅडम, की भाऊ तर न्हाईत."

तो मग त्याच्या नातीबद्दल बोलला, ती ह्याच शाळेत आहे, पहिलीला. घरी चला म्हणाला, चहा घ्या. मी पुन्हा येईन म्हणाले. त्याने जाताना मक्याची चार कणसं मागच्या सीटवर ठेवली.

गाडीत बसले तेव्हा माझं ठरलं होतं. इतके दिवस मला वाटायचं, की तो आवाज मी जपून ठेवलाय. पण तो आवाज म्हणजे ह्यांचं येणं नव्हतं. तो आवाज म्हणजे वाट बघणं होतं. येणं म्हणजे तो थांबणं, आणि थांबायची जागाच आता सिमेंटखाली गेली. मी दोन वर्षं गावभर वाटच बघत फिरत होते, आणि आता कडूबालाही हातातलं काम टाकून पळायला लावलं. नको. शफीभाईंनी उद्या टायर काढावेत, गाडी खाली घ्यावी, आणि परत काही चढवू नये. चिखलासाठी केलेली गाडी होती. चिखल संपला, हे ह्यांनीही मान्य केलं असतं.

परतताना पुलाच्या अलीकडे मला जुनी गाडीवाट दिसली. रस्त्याच्या शेजारून ती अजून थोडी शिल्लक आहे, तरोट्याने आणि गवताने भरलेली, रात्रीच्या पावसाने काळी मऊ झालेली. मी थांबले. उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवून लॉक केले, चारही चाकांना जोर मिळावा म्हणून, ह्यांनी शिकवलं होतं तसे. पायरी वर उचलून साखळीत अडकवली. हात मातीने भरले. मग वर चढताना पदर पायात आला आणि मी ह्यांच्या नावाने एकदा करवादले. छोटा गिअर टाकला आणि गाडी सिमेंटवरून खाली घेतली.

आवाज थांबला.

पाणी वाहत होतं. मक्याची पानं एकमेकांना लागत होती. गाडी माणसाच्या चालीने चालली होती, आणि शेजारची सीट हादऱ्याने थोडी थोडी हलत होती. मी म्हणाले, "अहो, उद्या टायर काढायचेत." मग एकदा बोलायला लागले ते बोलतच राहिले. मुलगी रोज फोन करते, कमी बोलते म्हणून तिला रागवायचात ना, आता भरपूर बोलते. शफीभाई बारीक झालेत. पेरू यंदा फार लागलेत, पाखरंच खातात. भाकरी करायचं मी पुन्हा सोडलंय, भातच टाकते आणि दोन वेळा खाते. तुमच्या दुकानाची चावी अजून माझ्या पर्समध्ये आहे. हे सगळं सांगून झालं तेव्हा वाट संपत आली होती. पुढे रस्त्याचा काठ होता. मी थोडा वेळ तिथेच थांबले, काही राहिलं का आठवून बघितलं. राहिलं नव्हतं.

गाडी वर सिमेंटवर चढवली. टायर पुन्हा घुमायला लागले. आता काही बोललं तरी ऐकू गेलं नसतं, म्हणून घर येईपर्यंत गप्प बसले, आम्ही दोघं बसायचो तशी.